युरोपातल्या शहरांत घडणाऱ्या सुपरहिरो कॉमिकचं परीक्षण कसं लिहावं

मराठीत कादंबरीवर, नाटकावर, सिनेमावर लिहिणारे खूप आहेत. कॉमिकवर लिहिणारे थोडे. लिहायला बसलेला नवा माणूस बहुधा दोन ठिकाणी अडतो. गोष्ट सांगून झाली की पुढे काय लिहायचं ते सुचत नाही, आणि चित्रांबद्दल ‘अप्रतिम’ याच्या पुढचा शब्द सापडत नाही. त्यात कॉमिक बर्लिन किंवा पॅरिसमध्ये घडणारं असेल तर तिसरी भीती असते: ते शहर आपण पाहिलेलंच नाही, मग त्यावर काय बोलणार? बोलता येतं, आणि चांगलं बोलता येतं. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने सांगतो.

उदाहरण म्हणून एकच कॉमिक हाताशी धरू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. ‘बॅटमन: युरोपा’ ही डीसी कॉमिक्सची चार अंकांची मालिका २०१५ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०१६ च्या सुरुवातीला संपली. बॅटमनला एका विषाणूची लागण होते, हातात जेमतेम आठवडाभराचं आयुष्य उरतं, माग काढत तो गॉथम हे आपलं काल्पनिक शहर सोडून बर्लिनला पोचतो, आणि तिथे कळतं की जोकरलाही तोच आजार झालाय. मग दोघं हाडवैरी एकत्र निघतात: बर्लिन, प्राग, पॅरिस, रोम. एका अंकाला एक शहर. परीक्षण शिकायला याहून सोयीचं कॉमिक मला माहीत नाही, कारण यात शहर बदलतं तसा चित्रांचा हातही बदलतो.

आधी जवळ काय हवं

- कॉमिकची स्वतःची प्रत, छापील किंवा विकत घेतलेली डिजिटल. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते. पहिल्या वाचनाला ती चालेल, परीक्षणासाठी अख्खं पान एका नजरेत दिसलं पाहिजे. टॅबलेट किंवा संगणक वापरा.
- श्रेयनामावलीचं पान. सगळे अंक एकत्र असलेली संग्रहित आवृत्ती असेल तर प्रत्येक अंकाची श्रेयं वेगळी दिलेली आहेत का ते पाहा.
- वही, पेन्सिल आणि पानांना लावायच्या चिकटचिठ्ठ्या. प्रतीवर लिहू नका.
- शहराचा नकाशा. इंटरनेटवरचा फुकटचा नकाशा आणि रस्त्यावरून दिसणारी छायाचित्रं पुरतात.
- शहराच्या इतिहासाची जुजबी माहिती. प्रवासवर्णनापेक्षा ज्ञानकोशातली नोंद बरी, कारण तिथे सनावळ्या सापडतात.

१. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा संवादांचे फुगे झाकून

पहिल्यांदा वाचक म्हणून वाचा. काही टिपू नका. कुठे पान भरभर उलटलं, कुठे थांबलात, एवढंच लक्षात राहू द्या.

दुसऱ्या वाचनात संवादाकडे दुर्लक्ष करून फक्त चित्रं पाहा. आपण कुठे आहोत, कोण कुठून आलं, दिवस आहे की रात्र, हे नुसत्या चित्रांवरून कळतंय का? जिथे कळत नाही तिथे चिठ्ठी लावा. मग उलट करा: चित्रं विसरून नुसते संवाद सलग वाचा. पात्रं जर चित्रात दिसणारीच गोष्ट तोंडाने सांगत असतील (‘अरे, भिंत कोसळतेय!’ आणि चित्रात कोसळणारी भिंत), तर ते नोंदवा. लेखकाचा चित्रकारावर विश्वास आहे की नाही, हे अशा जागी उघड होतं.

२. कोणी काय केलं ते उतरवून घ्या

इथे सर्वांत जास्त चुका होतात. कॉमिक हे एका माणसाचं काम क्वचितच असतं. लेखन, लेआउट (पानाचा आराखडा), पेन्सिलिंग (पेन्सिलीने चित्र काढणं), इंकिंग (त्यावर शाई फिरवणं), रंगकाम, लेटरिंग (फुग्यांतली अक्षरं लिहिणं) ही कामं बहुधा वेगवेगळ्या हातांतून जातात. परीक्षणात ‘चित्रकाराने अंधार छान वापरलाय’ असं लिहिताना तो अंधार शाई भरणाऱ्याचा आहे की रंगकाराचा, हे तपासलंत का?

‘युरोपा’ची श्रेयं बघा. लेखन मात्तेओ कासाली आणि ब्रायन अझारेलो यांचं. पहिल्या, बर्लिनच्या अंकावर जिम ली यांचं नाव ठळक आहे. ते त्या काळी डीसीचे सहप्रकाशकही होते, त्यामुळे जाहिरातीचा सगळा भर त्यांच्यावर. पण त्या अंकाचे लेआउट, म्हणजे पानावर चौकटी कशा बसवायच्या, नजर कुठून कुठे न्यायची याचा आराखडा, जुझेप्पे कामुंकोली या इटालियन चित्रकाराचा आहे. प्रागचा अंक कामुंकोलींनी स्वतः काढला. पॅरिसच्या अंकाची चित्रं दिएगो लातोर्रे यांची, रोमची जेराल्ड पारेल यांची, आणि त्यांच्याही खाली आराखडा कामुंकोलींचाच.

म्हणजे वरून चार वेगळे हात दिसतात, आतला सांगाडा एकाचा. हे एकदा कळलं की परीक्षणाला खरा विषय मिळतो. चारही अंकांत चौकटींची चाल सारखी वाटते का? रंग आणि रेष बदलूनही पान वाचायचा वेग तोच राहतो का? जाहिरात वाचून लिहिणारा माणूस ‘जिम लीची नवी मालिका’ असं लिहून मोकळा होतो आणि तीन चित्रकारांवर अन्याय करतो. तुम्ही तसं करू नका.

३. शहराला कामाला लावलंय का ते तपासा

माझ्या मते अशा कॉमिकच्या परीक्षणाचा हा गाभा आहे, म्हणून इथे वेळ काढा.

प्रत्येक मोठ्या प्रसंगापाशी थांबून एकच प्रश्न विचारा: हाच प्रसंग गॉथममध्ये जसाच्या तसा घडला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर ते शहर नुसता पडदा आहे. ‘नाही’ असेल तर का नाही, ते लिहा. तुमच्या परीक्षणातला सर्वांत चांगला परिच्छेद तिथे तयार होईल.

प्रश्न नेमका व्हायला शहराची थोडी माहिती लागते. चारही शहरांबद्दल मी काय पाहतो ते सांगतो.

*बर्लिन.* हे शहर १९६१ ते १९८९ या काळात भिंतीने दुभंगलेलं होतं. भिंत गेली, तरी शहराच्या मध्यभागी ती जिथून जायची तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवलेली आहे. पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये पुरा केलेला ३६८ मीटरचा टीव्ही मनोरा आजही दुरून दिसतो. बॅटमन रात्रीचा प्राणी आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो: अवकाश स्थानकातून टिपलेल्या बर्लिनच्या रात्रीच्या छायाचित्रांत पूर्वेकडचे दिवे पिवळे-नारिंगी आणि पश्चिमेकडचे पांढुरके दिसतात, कारण दोन राजवटींनी रस्त्यांवर वेगळे दिवे लावले होते. आता कॉमिकमधलं बर्लिन उघडा. प्रकाशात असा काही फरक आहे का? एकमेकांशिवाय तरू न शकणारे दोन वैरी या शहरात भेटतात, याचा दुभंगलेल्या शहराशी काही धागा जुळवलाय का? जुळवला असेल तर कौतुक करा. नसेल तर हातची संधी कशी गेली ते सांगा.

*प्राग.* जुन्या नगरभवनावरचं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. दर तासाला त्यावरचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती सरकत जातात. मृत्यूची उलटी मोजणी चाललेल्या गोष्टीला याहून चांगली जागा कुठली! शिवाय इथेच रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव यांनी मातीचा गोलेम घडवला ही ज्यू दंतकथा आहे: माणसाने रक्षणासाठी घडवलेला आणि मग आवरेनासा झालेला देह. सुपरहिरोच्या गोष्टीशी तिचं नातं सांगायला फार ताणावं लागत नाही. एक सापळा मात्र आहे. चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७ मध्ये सुरू झालं, पण त्यावरचे पुतळे बहुतेक १७ व्या शतकाच्या अखेरीपासून पुढचे, आणि त्यांतल्या अनेकांच्या जागी आता प्रतिकृती आहेत. ‘चौदाव्या शतकातल्या पुतळ्यांच्या साक्षीने’ असं लिहाल तर जाणकार वाचक तिथेच पान मिटेल.

*पॅरिस.* इथे उंची बघा. गॉथम उभं शहर आहे. दोरीचा आकडा फेकला की तो कुठल्या तरी चाळिसाव्या मजल्याला अडकतो. पॅरिसच्या मध्यभागी तसं काही नाही. एकोणिसाव्या शतकात ओस्मान यांनी शहर नव्याने आखलं तेव्हापासून तिथल्या इमारती सहा-सात मजल्यांच्या, एका रेषेत, वर जस्ताची छपरं. १९७३ मध्ये २१० मीटरचा मोंपार्नास मनोरा उभा राहिला आणि लोक इतके नाराज झाले की १९७७ मध्ये शहरात उंचीवर ३७ मीटरची मर्यादा आली. मग बॅटमन इथे हलणार कसा? छपरांवरून धावावं लागेल, की जमिनीखाली जावं लागेल? खाली तर साठ लाखांहून अधिक माणसांची हाडं रचलेली भुयारं आहेत. चित्रकाराने शहराच्या ठेंगणेपणाचा विचार करून हालचाल बदलली आहे, की तीच गॉथमची झेप आयफेल टॉवरच्या शेजारी चिकटवली आहे, हे पाहिलं की त्याने शहर पाहिलंय की पोस्टकार्ड, ते कळतं.

नोत्र-दाम या पॅरिसच्या कॅथेड्रलबद्दलही जपून. तिथले जगप्रसिद्ध दगडी राक्षस मध्ययुगीन नाहीत; वास्तुकार व्हियोले-ल-द्युक यांनी एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत ते बसवले. २०१९ च्या आगीत कोसळलेला मधला सुळकाही त्याच काळातला होता. त्याआधीच्या कॉमिकमध्ये जुना सुळका दिसला तर ती चूक समजू नका, कॉमिकचं साल बघा.

*रोम.* कोलोसियम इसवी सन ८० मध्ये खुलं झालं, उंची साधारण ४८ मीटर. लढत बघण्यासाठीच बांधलेली ही वास्तू आहे, आणि रिंगणाखाली जनावरं व योद्धे वर आणण्यासाठी भुयारं आणि पाळणे होते. सुपरहिरो कॉमिकचा वाचकही पानावरची मारामारी बघायलाच बसलेला असतो. रोममध्ये घडणाऱ्या कुठल्याही सुपरहिरो गोष्टीत हा प्रेक्षकपणा जागा होतो का, यावर लिहिता येतं. रोमचा अंक रंगवणारे पारेल फ्रेंच आहेत आणि खालचा आराखडा इटालियन कामुंकोलींचा, म्हणजे एका पानात पाहुण्याची आणि देशातल्या माणसाची अशी दोन्ही नजर आहे. ती वेगळी दिसते का, हे शोधायला मला फार आवडतं.

४. डोळा तयार करायचा तर ओळखीचं शहर घ्या

बर्लिनमधलं खरं-खोटं कळत नसेल तर आधी मुंबईवर सराव करा. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही चार अंकांची मालिका आली. जीवन कांग यांची चित्रं, नायक पवित्र प्रभाकर, धोतरासारखा पोशाख, शहर मुंबई. मराठी वाचकाने ती हातात घेतली की शहराबद्दल काय पटतं आणि काय परकं वाटतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. कुठली गल्ली खरी वाटते, कुठे फक्त परदेशी वाचकासाठी ठेवलेली खूण दिसते, याची यादी करा. मग तीच यादी घेऊन युरोपातल्या शहराकडे वळा. पाट्या कुठल्या भाषेत आहेत? रस्त्यावर सामान्य माणसं आहेत का, की शहर रिकामंच? ट्राम, दुकानं, घरांची दारं दिसतात का, की दर चौकटीत स्मारकच?

५. गोष्ट किती सांगायची

पहिल्या अंकाच्या शेवटापर्यंत, त्यापुढे नाही. हा नियम बहुतेक मालिकांना लागू पडतो. ‘युरोपा’मध्ये आजार, जोकरशी नाइलाजाची सोबत, बर्लिनमध्ये भेटणारी नीना ही हॅकर मुलगी आणि चार शहरांचा प्रवास, एवढं सांगितलं की वाचकाला पुरतं. विषाणू कोणी सोडला आणि उतारा कुठे आहे, हे सांगू नका. शेवटाबद्दल मत द्यायचंच असेल तर तो घाईत झाला, पटला, आधी पेरलेला होता, अशा शब्दांत द्या.

सगळ्या वाचकांना बॅटमन ठाऊक असेल असंही धरू नका. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत वाचून वाढलेला वाचक कदाचित बॅटमनच्या वाटेला गेलाही नसेल. त्याच्यासाठी दोन वाक्यं पुरतात: बॅटमन १९३९ मध्ये आला, जोकर १९४०मध्ये, आणि तेव्हापासून हे वैर चालू आहे; बॅटमन सहसा जीव घेत नाही, म्हणून जोकरशी त्याचा हिशेब कधी पुरा होत नाही. हे माहीत असल्याशिवाय दोघांनी एकमेकांना जगवावं लागण्यातला ताण कळणार नाही.

६. चित्रांबद्दल लिहिताना

‘सुंदर’, ‘जिवंत’, ‘अप्रतिम’ हे शब्द पहिल्या मसुद्यात येऊ द्या, दुसऱ्यात प्रत्येकाच्या जागी जे दिसलं ते लिहा. रेष जाड की बारीक? सावली काळ्या शाईची की रंगाची? चौकटींच्या कडा सरळ की तिरक्या? पानावर साधारण किती चौकटी आहेत, आणि मारामारीत त्या वाढतात की कमी होतात?

‘युरोपा’त जिम लींच्या ठसठशीत, बारकाव्यांनी भरलेल्या रेषेपासून निघून आपण पॅरिसच्या अंकात लातोर्रे यांच्या धूसर, रंगवलेल्या पानांवर येतो तेव्हा हिसका बसतो. अनेकांना तो आवडत नाही, आणि तसं लिहायला हरकत नाही. मला त्यात एक अर्थ दिसतो: आजार वाढत जातो तसतशी आकृत्यांची बाह्यरेषा विरघळत जाते, जणू आजारी माणसाच्या नजरेतूनच शहर दिसतंय. असा अर्थ लावताना ‘मला दिसतो’ असंच लिहा. ‘चित्रकाराला हेच म्हणायचं आहे’ असं लिहायला त्याची मुलाखत हातात हवी. या मालिकेची घोषणा प्रकाशनाच्या बरीच वर्षं आधी झाली होती, त्यामुळे चित्रकार बदलण्यामागे व्यवहाराची कारणंही असू शकतात. पान वाचून काय जाणवतं ते तुमच्या हातात आहे, ते ठामपणे मांडा.

७. नावं आणि संज्ञा

परदेशी नावं एकदा ठरवून सगळीकडे तशीच लिहा. शहरांसाठी मराठी वर्तमानपत्रांत रुळलेली रूपं घ्या: प्राग, पॅरिस, रोम. माणसांच्या नावांना त्यांच्या भाषेतला उच्चार शोधा. इंग्रजी स्पेलिंग बघून अंदाजाने लिहिलं की इटालियन नावांची दशा होते. चौकट, फुगा, पान हे शब्द कोणालाही कळतात. पेन्सिलिंग, इंकिंग, लेटरिंग यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधत बसू नका. पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्ध्या वाक्यात काम काय ते सांगा.

८. चित्रं छापताना

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम टीका किंवा समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करू देतं. याचा अर्थ पानंच्या पानं लावायची मुभा असा नाही. मी मुखपृष्ठ आणि ज्यावर प्रत्यक्ष बोललोय तेवढ्या दोन-तीन चौकटी घेतो, खाली प्रकाशक, लेखक आणि त्या अंकाच्या चित्रकाराचं नाव देतो. शेवटच्या अंकातली निर्णायक चौकट घेत नाही. बेकायदा स्कॅन केलेल्या प्रतीतून चित्रं तर अजिबात उचलू नका. तुमच्या पहिल्याच लेखावर तो डाग कशाला?

९. निकाल स्पष्ट द्या

वाचकाला शेवटी तीन गोष्टी हव्या असतात: विकत घ्यावं का, कोणी वाचावं, आणि आवडलं तर पुढे काय. तारे-बिरे देण्यापेक्षा हे तीन प्रश्न सोडवा.

‘युरोपा’बद्दल माझा निकाल असा. बॅटमन आणि जोकरची जुगलबंदी वाचायची असेल तर जरूर घ्या, आणि सुटे अंक शोधण्यापेक्षा संग्रहित आवृत्ती घ्या, चार शैली शेजारी ठेवून पाहता येतात. शहरांच्या ओढीने घेत असाल तर अपेक्षा आवरा. आठवड्याची मुदत आणि एका अंकाला एक शहर या मांडणीत कुठलंही शहर पुरतं श्वास घेत नाही. मारामारी आणि आजारपण बरंच असल्यामुळे लहान मुलांच्या हातात देऊ नका. पुढचं वाचन म्हणून २०२१ चा ‘बॅटमन: द वर्ल्ड’ हा संग्रह सुचवा. त्यात १४ देशांतल्या लेखक-चित्रकारांच्या १४ कथा आहेत आणि अनेकांनी बॅटमनला आपापल्या देशात आणलंय. तिसऱ्या टप्प्यातला प्रश्न त्यातल्या प्रत्येक कथेला पुन्हा विचारता येईल, आणि तुमचं दुसरं परीक्षण तिथूनच सुरू करता येईल.